पान रिलोड न करता फॉर्ममधून फोटो अपलोड: सजावट स्पर्धेच्या फॉर्मवरून शिकूया

गिरगावातल्या एखाद्या मंडळाने घरगुती गणपती सजावट स्पर्धा ठेवली आहे असं धरू. फॉर्म साधाच आहे: नाव, मोबाइल नंबर, चाळ किंवा इमारत, आणि मखराचे तीन फोटो. मुंबईत दीड दिवसाचे गणपती भरपूर, त्यामुळे चतुर्थीच्या दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनापर्यंत सगळ्यांची घाई एकदमच होणार. कोणी आरती आटोपून घरच्या वायफायवरून फॉर्म भरेल, कोणी नातेवाइकांकडे दर्शनाला जाताना बोरिवली लोकलमध्ये उभ्या-उभ्या. साध्या फॉर्ममध्ये 'पाठवा' दाबलं की एक बारीक चक्र फिरत राहतं, मधेच नेटवर्क गेलं की ब्राउझरचं एरर पान समोर येतं, आणि मागे गेल्यावर निवडलेले फोटो जागेवर असतीलच याची खात्री नाही. मग तो माणूस वैतागून थेट चिटणिसांच्या व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो आणि ऑनलाइन फॉर्म नावापुरता उरतो.

हे टाळायचं तर फाइल मागच्या मागे गेली पाहिजे आणि पान जागेवर राहिलं पाहिजे. रिलोड टाळणं हा यातला सोपा भाग. वीसेक ओळींत होतो. खरी मेहनत आहे ती आपल्या फोटोचं नेमकं काय झालं हे फॉर्म भरणाऱ्याला खरंखरं सांगण्यात. म्हणून खाली त्या भागालाच जास्त जागा दिली आहे. कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि कॅपिटल अक्षरं सांभाळून लिहा.

आधी जावास्क्रिप्टशिवाय चालणारा फॉर्म

फॉर्मची 'मेथड' पोस्ट ठेवा आणि 'एनकटाइप' हा गुणधर्म 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' असा द्या. हा गुणधर्म विसरला तर फोटोऐवजी फक्त फाइलचं नाव सर्व्हरकडे जातं, आणि नवशिक्यांच्या निम्म्या शंका इथेच सुटतात. मल्टिपार्टमध्ये प्रत्येक रकाना वेगळा भाग म्हणून जातो आणि दोन भागांच्या मध्ये ब्राउझरने स्वतः बनवलेली एक विभाजक ओळ असते. तिला बाउंड्री म्हणतात. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. ही पद्धत झेरॉक्समधल्या दोघांनी नोव्हेंबर १९९५च्या आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

फाइलच्या इनपुटला 'मल्टिपल' लावा म्हणजे तिन्ही फोटो एकदम निवडता येतील, आणि 'अॅक्सेप्ट'मध्ये इमेज प्रकार लिहा म्हणजे फोनवर थेट गॅलरी उघडेल. 'कॅप्चर' मात्र लावू नका. तो लावला की बरेच फोन सरळ कॅमेराच उघडतात आणि सकाळी काढून ठेवलेला फोटो निवडायची सोय जाते. प्रत्येक इनपुटला 'नेम' हवाच. नाव नसलेला रकाना सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. पीएचपी वापरत असाल तर फोटोंच्या इनपुटच्या नावापुढे चौकटी कंसांची रिकामी जोडी लावा, नाहीतर तीनपैकी शेवटचाच फोटो हाती लागेल.

हा फॉर्म जावास्क्रिप्ट बंद ठेवून एकदा पूर्ण भरून बघा. तो चालल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्क्रिप्ट लोड व्हायच्या आधीच कोणी बटण दाबलं तर हाच फॉर्म उपयोगी पडणार आहे.

आता पान थांबवा

फॉर्मच्या 'सबमिट' इव्हेंटला कोड जोडा, बटणाच्या 'क्लिक'ला नाही. क्लिकला जोडला तर ब्राउझरची 'हा रकाना भरा' ही तपासणी निसटते. या कोडमध्ये, म्हणजे हँडलरमध्ये, पहिलंच काम 'प्रिव्हेंटडिफॉल्ट'. त्यामुळे ब्राउझर पान सोडून जात नाही. दुसरं काम 'फॉर्मडेटा' ऑब्जेक्ट बनवणं. त्याला आख्खा फॉर्म द्यायचा, की नाव, नंबर, फोटो आणि लपलेला सीएसआरएफ टोकन (अर्ज आपल्याच पानावरून आला हे पटवणारी खूण) असं सगळं तो गोळा करतो. 'डिसेबल्ड' असलेले रकाने तो सोडून देतो. त्यामुळे 'पाठवतोय' दाखवताना रकाने बंद करायचे असतील तर आधी फॉर्मडेटा बनवा, मग बंद करा. हा क्रम उलटा झाला की सर्व्हरला रिकामा अर्ज मिळतो आणि कारण पटकन सापडत नाही.

मग विनंती पाठवा, आणि इथे एक गोष्ट मुद्दाम करायची नाही: 'कंटेंट-टाइप' हेडर स्वतः लिहायचा नाही. बाउंड्री कोणती हे फक्त ब्राउझरला माहीत असतं आणि तो ती हेडरमध्ये स्वतः लिहितो. तुम्ही हाताने 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' लिहिलं की बाउंड्री गळते आणि सर्व्हरला कुठला भाग कुठे संपतो तेच कळत नाही. जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पाठवायची सवय असलेले लोक इथे हमखास अडकतात. त्यातलेच काहीजण फोटो बेस-६४ करून, म्हणजे बाइट अक्षरांत बदलून, जेसनमध्ये कोंबतात. तसं केल्याने फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते आणि फायदा काहीच होत नाही.

फेच की एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट?

जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवायचे हे दोन मार्ग. थोडा इतिहास सांगतो, कारण नेटवर जुनी उत्तरं अजून फिरत असतात. मायक्रोसॉफ्टने १९९९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५सोबत एक्सएमएलएचटीटीपी आणलं, २००५मध्ये पान रिलोड न करता सर्व्हरशी बोलण्याच्या या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव रूढ झालं, पण त्या काळात त्यातून फाइल जात नव्हती. म्हणून लोक पानात एक अदृश्य आयफ्रेम (पानातलं छोटं पान) ठेवून फॉर्मचं 'टार्गेट' तिकडे वळवायचे. रिलोड व्हायचा तो आयफ्रेमच्या आत, दिसायचा नाही. पुढे फॉर्मडेटा आला, २०१२च्या इंटरनेट एक्सप्लोरर १०मध्येही आला, आणि त्या कसरतीची गरज संपली. आज कोणी आयफ्रेम किंवा त्यासाठीचं प्लगइन सुचवलं तर त्या उत्तराची तारीख बघा.

फेच २०१५पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे आणि लिहायला सुटसुटीत आहे. दोन-तीनशे केबीची एखादी पावती पाठवायची असेल तर तेच वापरा. पण फेच अपलोड किती झालं हे सांगत नाही. एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, म्हणजे एक्सएचआर, ते सांगतं. फोटोंच्या फॉर्मसाठी मी अजूनही एक्सएचआरच वापरतो, आणि त्याला जुनाट म्हणणाऱ्यांनी लोकलमध्ये उभं राहून फॉर्म भरून बघावा.

प्रगती दाखवणं

एक्सएचआरच्या आत 'अपलोड' नावाचा वेगळा ऑब्जेक्ट असतो. 'प्रोग्रेस' इव्हेंट त्यावर ऐकायचा. बाहेरच्या ऑब्जेक्टवर ऐकलात तर सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तराची प्रगती दिसेल, जिचा इथे काही उपयोग नाही. तो 'सेंड'च्या आधी जोडायचा. इव्हेंटमध्ये 'लोडेड' आणि 'टोटल' असे दोन आकडे मिळतात. 'लेंग्थकॉम्प्युटेबल' खरं असेल तर त्यांचा भागाकार करून 'प्रोग्रेस' टॅगमध्ये भरा. सर्व्हर वेगळ्या डोमेनवर असेल तर हा इव्हेंट जोडल्यामुळे ब्राउझर आधी 'ऑप्शन्स'ची चौकशी पाठवतो. तिला उत्तर द्यायची व्यवस्था सर्व्हरवर नसेल, तर काल चालणारा अपलोड केवळ प्रगती दाखवायला लागल्यामुळे आज बंद पडतो.

शंभर टक्के झाले म्हणजे फोटो स्वीकारला गेला असं नाही. बाइट्स ब्राउझरकडून निघाले एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हरने ते घेऊन, तपासून, साठवून उत्तर द्यायचं अजून बाकी असतं. म्हणून पट्टी भरल्यावर 'फोटो पाठवला, उत्तराची वाट बघत आहोत' असं लिहा आणि 'मिळाला' हा शब्द सर्व्हरचं उत्तर आल्यावरच वापरा. ही ओळ 'आरिया-लाइव्ह' असलेल्या भागात ठेवा म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ती ऐकू जाईल.

फोटो आधी लहान करा

हिशोब करून बघा. फोनचा फोटो ६ एमबीचा, असे तीन म्हणजे १८ एमबी. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे १४४ मेगाबिट. गर्दीत अपलोडचा वेग १ एमबीपीएस मिळाला तर १४४ सेकंद, जवळजवळ अडीच मिनिटं. परीक्षकांना स्क्रीनवर बघायला लांब बाजू १६०० पिक्सेलची असली तरी पुरते. असा जेपेग बहुतेक वेळा अर्ध्या एमबीच्या आसपास बसतो; तीन फोटो दीड एमबीत, म्हणजे बारा सेकंदांत. कुठलीही पट्टी आकर्षक करण्यापेक्षा या एका बदलाने जास्त फरक पडतो.

कृती अशी. निवडलेल्या फाइलचा 'क्रिएटऑब्जेक्टयूआरएल'ने तात्पुरता पत्ता बनवा आणि तो इमेजला द्या. हाच फोटो प्रीव्ह्यू म्हणूनही दिसेल. इमेज लोड झाली की प्रमाण राखून लहान कॅनव्हासवर 'ड्रॉइमेज' करा. मग 'टूब्लॉब'ला जेपेग प्रकार आणि ०.८ गुणवत्ता द्या. मिळालेला ब्लॉब, म्हणजे लहान झालेला फोटो, फॉर्मडेटात 'अपेंड' करताना तिसरा घटक म्हणून फाइलचं नाव द्या, नाहीतर सगळ्या फाइलींचं नाव नुसतं 'ब्लॉब' पडतं. काम झालं की 'रिव्होकऑब्जेक्टयूआरएल' करा. स्वस्तातल्या फोनची मेमरी लवकर भरते. उभे फोटो आडवे होण्याची जुनी डोकेदुखी २०२०नंतरच्या ब्राउझरांत उरलेली नाही, ते फोटोची दिशा स्वतःच सांभाळतात.

इमेज लोडच झाली नाही तर? आयफोनचा एचईआयसी फोटो विंडोजच्या क्रोममध्ये उघडत नाही, असे प्रकार होतात. तेव्हा मूळ फाइल तशीच पाठवा आणि निर्णय सर्व्हरवर सोडा.

कॅनव्हासमधून गेलेल्या फोटोतली एक्झिफ माहिती (फोटो कधी, कुठे काढला वगैरे) गळून पडते, आणि इथे ती गळलेलीच बरी. घरातल्या गणपतीच्या फोटोत जीपीएस असेल तर तो त्या घराचा पत्ताच आहे, आणि मंडळ हे फोटो पुढे फेसबुकवर टाकणार असतं.

फोटो निवडला की लगेच पाठवा

आतापर्यंत सगळं एकाच विनंतीत होतं. तिसरा फोटो नव्वद टक्क्यांवर असताना नेटवर्क गेलं तर पहिले दोनही पुन्हा पाठवावे लागतात. त्यापेक्षा प्रत्येक फोटो निवडल्याबरोबर स्वतंत्र विनंतीने पाठवा. माणूस नाव-पत्ता टाइप करत असतो तेवढ्यात फोटो निम्मेअधिक पोहोचलेले असतात. सर्व्हर प्रत्येक फोटोला एक टोकन, म्हणजे ओळखक्रमांक, देतो, ते लपलेल्या इनपुटमध्ये ठेवायचं, आणि शेवटचं 'पाठवा' फक्त मजकूर आणि तीन टोकन घेऊन जातं. ते अर्ध्या सेकंदात होतं. फोटो टोकनसह पोहोचला की मूळ फाइल इनपुटचं 'नेम' काढून टाका, नाहीतर तोच फोटो दुसऱ्यांदा जाईल. इनपुटचं 'व्हॅल्यू' रिकामं करायलाही विसरू नका. नाहीतर तीच फाइल पुन्हा निवडली तर 'चेंज' इव्हेंट येत नाही आणि माणूस नुसता बोट दाबत राहतो.

याची किंमत एकच: फोटो पाठवून फॉर्म अर्धवट सोडणाऱ्यांच्या फाइली सर्व्हरवर साचतात. २४ तासांत कुठल्याही अर्जाशी न जोडलेली फाइल उडवणारं, ठरावीक वेळी आपोआप चालणारं क्रॉन काम त्याच दिवशी लावून टाका.

बिघडलं तर

एक्सएचआरचा 'एरर' इव्हेंट विनंती नेटवर्कच्या पातळीवर फसली तरच येतो. सर्व्हरने ४१३ (फाइल फार मोठी) किंवा ५०० (सर्व्हरमधली चूक) दिलं तरी 'लोड'च येतो, म्हणून 'लोड'मध्ये 'स्टेटस' २००च्या घरात आहे का हे बघावंच लागतं. फेचचंही तसंच, तिथे 'ओके' तपासायचं. 'रिस्पॉन्सटाइप' जेसन ठेवा. सर्व्हरने जेसनऐवजी एचटीएमएलचं एरर पान धाडलं तर 'रिस्पॉन्स' नल मिळतो, स्क्रिप्ट कोसळत नाही. 'टाइमआउट' मुळात शून्य असतो, म्हणजे अनंत काळ वाट बघणं. लहान केलेल्या फोटोला ६० सेकंद ठीक आहेत.

नेटवर्कची चूक असेल तर दोन, चार, आठ सेकंद थांबून आपोआप पुन्हा प्रयत्न करा. फाइलचा प्रकार किंवा आकार चुकीचा असेल तर पुन्हा पाठवून उपयोग नाही, तिथे थेट सांगा. आणि सांगताना 'काहीतरी चुकलं' असं लिहू नका. 'दुसरा फोटो गेला नाही, नेटवर्क आल्यावर पुन्हा पाठवा दाबा. बाकी दोन मिळाले आहेत.' एवढं वाचलं की माणूस निवांत होतो.

पुन्हा प्रयत्नात एक खाच आहे. सर्व्हरने अर्ज नोंदवला, पण उत्तर परत येताना नेटवर्क गेलं. ब्राउझरला वाटतं अर्ज गेलाच नाही, तो परत पाठवतो, आणि त्याच माणसाच्या दोन नोंदी होतात. फॉर्म उघडतानाच 'क्रिप्टो'च्या 'रँडमयूयूआयडी'ने एक क्रमांक बनवून लपलेल्या रकान्यात ठेवा आणि डेटाबेसमध्ये तो रकाना 'युनिक' करा. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला तर पहिलंच उत्तर परत द्या. हे फंक्शन एचटीटीपीएसवरच (किंवा लोकलहोस्टवर) चालतं. साइट अजून एचटीटीपीवर असेल तर आधी ते काम करा.

सर्व्हरच्या बाजूला

मर्यादा एका ठिकाणी नसते. पीएचपीत 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' मुळात २ एमबी आणि 'पोस्ट मॅक्स साइझ' ८ एमबी असते. दुसरी ओलांडली तर पीएचपी पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अॅरे रिकामे देतं. फॉर्म कोरा आला असं वाटतं आणि शोध भलतीकडे सुरू होतो. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' फक्त १ एमबी असते. ती ओलांडल्यावर एनजिनएक्स ४१३ देतो, पण कधी कधी अपलोड चालू असतानाच जोडणी बंद होते आणि ब्राउझरला ते नेटवर्कची चूक म्हणून दिसतं. वरचा आपोआप प्रयत्न मग उगाच चालत राहतो. म्हणून आकार ब्राउझरमध्येही तपासा आणि तिन्ही मर्यादा एकमेकींशी जुळवा.

ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, संरक्षण नाही. फाइलचं नाव, एक्सटेन्शन आणि सांगितलेला प्रकार हे तिन्ही पाठवणारा हवं ते लिहू शकतो. पीएचपीत 'फाइनफो'ने आतले बाइट बघून प्रकार ठरवा, जेपेग, पीएनजी आणि वेबपी एवढेच घ्या, एसव्हीजी घेऊ नका, कारण त्यात स्क्रिप्ट असू शकते. फोटो सर्व्हरवर पुन्हा एकदा जेपेग म्हणून लिहून काढलात तर उरलीसुरली एक्झिफही जाते. साठवताना नाव स्वतः बनवा, फोल्डर वेबच्या मुळाबाहेर, म्हणजे थेट लिंकने उघडणार नाही अशा जागी, ठेवा, मूळ नाव हवं तर डेटाबेसमध्ये ठेवा.

मूळ नाव ठेवणार असाल तर मराठीपुरते काही काटे आहेत. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही त्यात मोजायच्या. लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हं. 'आमच्या घरच्या गणपतीची पर्यावरणपूरक सजावट' अशा थाटाची नावं लांबली की ती मर्यादा बघता बघता येते. नोडमध्ये बसबॉय या फॉर्म वाचणाऱ्या लायब्ररीची १च्या पुढची आवृत्ती नाव लॅटिन-१ (रोमन लिपीपुरतं एन्कोडिंग) समजून वाचते आणि देवनागरीचा चुराडा होतो. 'डेफपॅरामचारसेट' हा पर्याय यूटीएफ-८ करा. आणि 'किनाऱ्यावर'मधला ऱ दोन पद्धतींनी साठवता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता असा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना नाव जुळत नाही. नाव साठवण्याआधी एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या एकाच रूपात आणून ठेवा.

मोठ्या फाइली

मिरवणुकीचा २०० एमबीचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर हे सगळं पुरणार नाही. फाइलचे 'स्लाइस'ने तुकडे करा, एकेक पाठवा, आणि तुटल्यावर सर्व्हरला 'कुठवर मिळालं' असं विचारून तिथून पुढे चालू करा. हे स्वतः लिहिण्यापेक्षा 'टस' हा खुला प्रोटोकॉल घ्या, किंवा अॅमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेवर थेट तुकड्यांत अपलोड करा. तिथे शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो. तीन फोटोंसाठी मात्र यातलं काही नको.

तपासून बघा

स्वतःच्याच मशीनवर अपलोड क्षणात होतो, त्यामुळे पट्टी चालते की नाही ते कळतच नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅबवर स्वतःचा वेग बनवा, अपलोड ३०० केबीपीएस, आणि अर्ध्यावर 'ऑफलाइन' करा. परत चालू केल्यावर फोटो स्वतःहून गेला पाहिजे. मग 'पाठवा' भराभर तीनदा दाबा. डेटाबेसमध्ये एकच नोंद दिसली पाहिजे. पीडीएफचं एक्सटेन्शन बदलून जेपीजी करा आणि ती चढवून बघा.

त्यानंतर खरा, स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या. अपलोड चालू असताना स्क्रीन बंद करा, दुसऱ्या अॅपमध्ये जा, परत या. मोबाइल ब्राउझर मागे गेलेलं पान थांबवू शकतो, त्यामुळे पट्टीखाली 'फोटो जाईपर्यंत हे पान उघडं ठेवा' ही ओळ हवीच. शेवटी घरातल्या एखाद्या काका-मावशींच्या हातात फोन द्या, काही न सांगता शेजारी बसा, आणि ते कुठे थांबतात ते लिहून घ्या.